मुंबईच्या उन्हाळ्यात तापणारी १५० सीसी एअर-कूल्ड गाडी: दुरुस्तीच्या नोंदी

गाडी: २०११ ची, १५० सीसी, एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, ऑइल कूलर नाही. रनिंग ६१,२०० किमी.

तक्रार: ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला की न्यूट्रल सापडत नाही. ॲक्सिलरेटरचं हँडल सोडल्यावर आयडलिंग (इंजिनची सर्वांत मंद चाल) खाली यायला वेळ लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि चढाला खडखड वाजतं. उजव्या पोटरीला पँटमधून चटका बसतो.

आधीचे उपाय, सगळे दुसऱ्यांनी केलेले: ऑइल दोनदा बदललं, क्लच वायर "टाइट करून दिली", प्लग बदलला. कशाचाच उपयोग झाला नाही, कारण गाडी किती तापते हे कोणी मोजलंच नव्हतं.

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज फक्त मोजायची सोय केली. पूर्ण दिवस गेला, पण तो घालवावाच लागतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर गन लॅमिंग्टन रोडवरून आणली, ८५० रुपये. अर्धा तास चालवून आणलेल्या इंजिनच्या हेडवर (सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग) धरली तर ९२ अंश दाखवले. त्याच जागी पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्रकन उडून गेला. म्हणजे ९२ हा आकडा चुकीचाच. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि गन मात्र काळा, मॅट पृष्ठभाग गृहीत धरून हिशोब करते. उपाय सोपा आहे. उष्णता सहन करणारा मॅट काळा स्प्रे (२८० रुपये) घेऊन हेडवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका मारला. वाळल्यावर पुन्हा तेवढीच चक्कर मारून ठिपक्यावर मोजलं तर १६८. ज्यांना गनने इंजिन "थंड" दिसतं त्यांनी आधी हा ठिपका मारावा. दुसरा ठिपका ड्रेन बोल्टवर (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) मारला, ऑइलचा अंदाज येण्यासाठी.

चालत्या गाडीवर गन धरता येत नाही. त्यासाठी तापमान दाखवणारा मल्टिमीटर, के-टाइप थर्मोकपलसकट (टोकाच्या मण्याने तापमान टिपणारी वायर), १,१५० रुपये. स्पार्क प्लगखाली बसणारी रिंग तयार मिळाली नाही, म्हणून लोहार चाळीतून १० एमएम भोकाचा तांब्याचा लग आणला, जो जाड केबलच्या टोकाला लावतात तो. त्याच्या नळीत थर्मोकपलचा मणी घालून दाबून क्रिम्प केला आणि लगचा चपटा भाग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला. प्लगचा मूळ वॉशर काढून त्या जागी हा लग. प्लग हाताने बसवून मग १० ते १२ न्यूटन-मीटर. १० एमएमचा प्लग यापेक्षा जास्त आवळू नये, हेडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात. सुरू करून साबणाचं पाणी लावलं, फुगे आले नाहीत.

१५ एप्रिल

टेस्टचा रस्ता ठरवला: कुर्ल्याहून एलबीएस मार्गाने घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत मुलुंड चेक नाका. साधारण १५ किमी. हायवेने जाऊन उपयोग नाही, तिथे हवा लागते आणि आकडे छान दिसतात. एलबीएसवर मेट्रो ४ च्या बॅरिकेडमुळे रस्ता अरुंद आहे, संध्याकाळी ५ ला निघालं की तास ते सव्वा तास लागतो. तक्रार तिथेच येते, म्हणून मोजायचंही तिथेच.

पहिली टेस्ट अर्धी फुकट गेली. थर्मोकपलची वायर प्लगच्या केबलला बांधली होती. इंजिन सुरू असताना मीटर १४० ते ३०० मध्ये उड्या मारत राहिला. स्पार्कचा त्रास. वायर दुसऱ्या बाजूने, फ्रेमच्या आतून टाकीखाली घेतली तेव्हा आकडा स्थिर झाला. परतताना वायर खाली लोंबून सायलेन्सरच्या बेंड पाइपला लागली आणि वरचं वेष्टण जळलं. आता प्रत्येक वळणावर बारीक तारेने बांधली आहे. प्लास्टिकचा टाय इथे चालत नाही.

मुलुंडला पोचल्यावर: प्लगखाली १८८, हवा ३५. ड्रेन बोल्ट ११७.

१६ एप्रिल

सांताक्रूझला आज कमाल ३९.७ अंश नोंदलं गेलं. मुलुंडला संध्याकाळी आपल्या थर्मामीटरवर सावलीत ३८. प्लगखाली १९२.

काल हवा ३५ आणि प्लग १८८, म्हणजे फरक १५३. आज ३८ आणि १९२, फरक १५४. हवा तीन अंशांनी वाढली तर हेडही जवळजवळ तेवढंच वाढलं. म्हणून यापुढे नुसता हेडचा आकडा लिहायचा नाही. हेड वजा हवा हा "फरक" लिहायचा. नाहीतर ढगाळ दिवशी केलेली कुठलीही दुरुस्ती यशस्वी वाटेल.

अजून दोन नियम:
- आकडा इंजिन सुरू असतानाच वाचायचा. बंद केल्यावर तो मिनिटागणिक बदलतो.
- टेस्टला ५५ मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला तर ती टेस्ट धरायची नाही.

आणि एका वेळी एकच बदल. हा नियम पुढे एकदा मोडला, त्याचा भुर्दंड खाली लिहिला आहे.

२१ एप्रिल, रविवार: ब्रेक आणि क्लच

इंजिनला हात लावण्याआधी गाडी ढकलून पाहिली. मेन स्टँडवर मागचं चाक जोरात फिरवलं तर पाऊण फेऱ्यात थांबलं. कालच्या टेस्टनंतर मागच्या ड्रमवर ७४ अंश होते, तेही मागचा ब्रेक फारसा न वापरता. लायनर ड्रमला घासत होते आणि ती ओढ इंजिन दिवसभर सोसत होतं.

ड्रम उघडला. ब्रेक कॅम गंजून त्याच्या भोकात घट्ट बसला होता. पॅडल सोडल्यावर स्प्रिंग त्याला पूर्ण मागे आणू शकत नव्हती. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपर मारला, उष्णतेचं ग्रीस अगदी पातळ हाताने लावलं (जास्त लावलं तर वितळून लायनरवर जातं), लायनर काचेसारखे चकचकीत झाले होते ते बदलले. लायनर २१०, ग्रीस ६०. पॅडलचा प्ले (मोकळी हालचाल) २० ते २५ मिमी ठेवला. चाक आता सहा फेरे फिरतं. चेनही ताणलेली होती, तिला २५-३० मिमी ढील ठेवली. पुढचा डिस्क मोकळा होता.

आता क्लच, खरी गोम इथे निघाली. लिव्हरला प्ले शून्य. झालं असं असणार: गाडी तापल्यावर न्यूट्रल लागत नाही अशी तक्रार गेली, कोणीतरी वायर आवळून दिली. त्याने न्यूट्रल दोन दिवस बरं लागलं असेल, पण प्ले संपल्याने लिव्हर सोडल्यावरही क्लचच्या प्लेट एकमेकींवर पूर्ण दाबल्या जाईनात. प्लेट घसरायला लागल्या, घसरण्याची सगळी उष्णता थेट ऑइलमध्ये, ऑइल पातळ, आणि न्यूट्रल पुन्हा लागेना. मग वायर अजून आवळली गेली. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडण्याचं कारण हेच.

क्लच वायर आतून तुटायला आली होती, नवी घातली, १६० रुपये. लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी प्ले ठेवला, तोही इंजिन गरम असताना पुन्हा तपासून. प्लेट बदलाव्या लागतील अशी भीती होती, पण तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर हँडल एकदम उघडून पाहिलं, आता घसरत नाही. प्लेट वाचल्या.

ब्रेक आणि क्लच एकाच दिवशी केले, म्हणजे स्वतःचाच नियम मोडला. कुणामुळे किती उतरलं हे आता वेगळं सांगता येणार नाही.

२३ एप्रिल

फरक १४५ (आधी १५४). ड्रेन बोल्ट ११७ वरून १०९. न्यूट्रल एका झटक्यात लागलं, चेक नाक्यावरसुद्धा. खर्च ४३० रुपये आणि चार तास.

हेडपेक्षा ऑइल जास्त उतरलं. क्लचची उष्णता ऑइलमध्येच जात होती, त्यामुळे हे पटतं.

२८ एप्रिल, रविवार: हवा अडवणारी रेक्झिन

लेग गार्डला पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून बांधलेली रेक्झिनची पट्टी गेल्या जूनपासून तशीच होती. गाडीसमोर गुडघ्यावर बसून पाहिलं तर सिलिंडर दिसतच नाही. एअर-कूल्ड इंजिनला थंड करणारं हवेशिवाय दुसरं काही नाही, आणि नेमकी ती हवा पडदा लावून बंद केलेली. मुंबईत अशा पट्ट्या मे महिन्यात हजारो गाड्यांवर दिसतात. काढायला दोन मिनिटं लागतात.

पट्टी काढल्यावर फिन्स (उष्णता हवेत सोडणाऱ्या इंजिनच्या पात्या) दिसल्या. हेडच्या पुढच्या चार फिन्समधल्या फटी चिखल आणि ऑइलच्या थराने अर्ध्या बुजलेल्या. टॅपेट कव्हरच्या रबरातून ऑइल पाझरतं आणि त्याच्यावर धूळ बसून ते दगडासारखं होतं.

साफ करायची पद्धत: इंजिन पूर्ण थंड. डिझेल ब्रशने लावून वीस मिनिटं ठेवणं. जुन्या टूथब्रशने प्रत्येक फट. जिथे ब्रश जात नाही तिथे आइस्क्रीमची लाकडी काडी, स्क्रू-ड्रायव्हर नाही, कारण फिनची कड तुटते. मग कपडे धुण्याची पावडर आणि पाणी. एअर फिल्टरच्या तोंडावर आणि प्लगच्या टोपीवर पिशवी बांधली. गरम इंजिनवर पाणी मारू नये. दीड तास लागला, आणि चाळीसेक रुपयांचं डिझेल.

३० एप्रिल

फरक १३४. अकरा अंश उतरले, एक पट्टी काढून आणि दीड तास घासून. या सगळ्या कामात पैशाच्या हिशोबाने सगळ्यात जास्त फायदा इथे झाला.

पण हे चालत्या गाडीचं. घाटकोपरच्या सिग्नलला उभं असताना आकडा पूर्वीइतक्याच वेगाने चढतो.

१ मे: चुकीच्या टोकाने सुरुवात

प्लग काढला. पोर्सिलेन पांढरंफटक, कडेला बारीक राखाडी ठिपके. म्हणजे मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. खडखड आणि रेंगाळणारं आयडलिंग दोन्ही याच्याशी जुळतं.

इथे घाई झाली. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) १०५ चा होता, ११२ चा आणून घातला (७० रुपये).

४ मे

फरक १२७, म्हणजे सात अंश खाली. पण ॲव्हरेज ४४ वरून ३७ वर आलं. प्लगवर काळी काजळी, सकाळी सुरू करताना पेट्रोलचा वास, आणि आयडलिंग रेंगाळणं जसंच्या तसं. आयडलिंगला मेन जेट लागतच नाही, त्यामुळे हा बदल तक्रारीच्या मुळाशी जाऊच शकत नव्हता. गाडी कारखान्यातून १०५ च्या जेटवर बरोबर चालत आली होती. तेरा वर्षांनी मिश्रण पातळ झालं तर जेट लहान झालेला नसतो, कुठूनतरी जादा हवा शिरत असते. हा प्रश्न १ मेलाच विचारायला हवा होता. तीन दिवस आणि जवळपास अर्धी टाकी पेट्रोल गेलं.

५ मे, रविवार: इनटेक रबर

जेट पुन्हा १०५.

हवा कुठून शिरते ते शोधायला लोक कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. तो पेट घेतो, गरम सायलेन्सरच्या शेजारी मारू नये. घरातली पाण्याची फवारणीची बाटली पुरते. थंड इंजिन सुरू करून, आयडलिंगला, कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मधल्या रबरावर चारी बाजूंनी थोडं थोडं फवारलं. वरून काही नाही. खालच्या बाजूला मारताच आयडलिंग डगमगलं आणि क्षणभर बंद पडायला आलं. तिथेच चीर.

रबर काढलं. वरून अगदी धडधाकट. हातात घेऊन अंगठ्यांनी वाकवल्यावर खालच्या बाजूला साधारण ३ सेंटिमीटरची भेग उघडली, आतपर्यंत गेलेली. सरळ धरलं की ती मिटते आणि दिसत नाही. इंजिन तापून रबर मऊ झालं आणि आतला निर्वात ओढू लागला की उघडते. म्हणूनच सकाळी गाडी शहाण्यासारखी चालायची आणि विक्रोळीला बिघडायची. हे रबर गाडीवर बसवलेलं असताना नुसतं बघून कधीच पास करू नये. काढून वाकवावं.

नवं रबर १९०, ओरिंग २०. नवीन प्लग १२०. बसवताना क्लॅम्प अति आवळला तर नवं रबरही तिथेच चिरतं, पट्टी हलणार नाही इतपत पुरे. मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) हळूच आत टेकवून अडीच फेरे बाहेर, मग गरम इंजिनवर आयडलिंग सगळ्यात चढतं तिथे थांबवला. अडीचच्या आसपासच थांबला, म्हणजे जादा हवा बंद झाली.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं पातळच होतं. ते पाव-अर्धा फेरा स्क्रूने सांभाळता येतं. त्यासाठी जेट बदलायची गरज पडली नाही.

८ मे

फरक १२२, जुन्याच जेटवर. हँडल सोडलं की आयडलिंग लगेच खाली. भांडुपच्या चढाला खडखड नाही. प्लगचा रंग फिक्या चहासारखा.

१२ मे, रविवार: टॅपेट

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जिथे लावतात ती जागा. टॅपेटचा आवाज अजिबात नव्हता, आणि म्हणूनच संशय होता. सैल टॅपेट टिकटिकतो. आवळलेला टॅपेट गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. तो पूर्ण टेकला नाही तर ती जायला जागाच उरत नाही.

पहिल्यांदा शनिवारी रात्री मोजलं, गाडी येऊन तीन तास झाले होते. हाताला थंड वाटत होती. एक्झॉस्टला ०.०७ मिमी आला. रविवारी सकाळी पुन्हा मोजलं तर ०.०४. म्हणजे तीन तास पुरत नाहीत, रात्रभर ठेवून सकाळी चावी न लावता मोजायचं. या गाडीचं माप थंड इंजिनला इनटेक ०.०५, एक्झॉस्ट ०.१०.

फीलर गेज नागदेवी स्ट्रीटवरून, १८० रुपये. कृती: प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरतं. डाव्या कव्हरच्या दोन टोप्या उघडून, मोठ्या छिद्रातून १७ चा पाना मॅग्नेटोच्या नटावर, फिरवायचं ते इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनेच. वरच्या छोट्या छिद्रात 'टी' ची रेघ खुणेला आली की थांबायचं आणि दोन्ही रॉकर हाताने हलवून बघायचे. हलले तर कॉम्प्रेशनवर आहे. एक जरी ताठ असेल तर ती उलटी खेप, अजून एक पूर्ण फेरा. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि माप घटतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा गेज घालून बघायचं. इथे तीनदा करावं लागलं. गेजची पट्टी लोण्यातून सुरी जाते तशी गेली तर सैल, वाकून अडली तर टाइट. किंचित ओढ लागली पाहिजे.

टॅपेट कव्हरचं रबर बदललं, ६० रुपये. एक्झॉस्ट पोर्टचं सायलेन्सर पॅकिंग चेपलेलं होतं, तेही, ३० रुपये.

१३-१४ मे

१३ ला दुपारनंतर धुळीचं वादळ आलं. गाडी उघड्यावर उभी होती. १४ ला सकाळी एअर फिल्टर उघडला, फोमवर मातीचा पिवळसर थर. फोम रॉकेलमध्ये धुवायचा, दाबायचा, पिळायचा नाही (पिळला की फाटतो), सावलीत सुकवायचा, मग गिअर ऑइलचे थोडे थेंब चोळून जास्तीचं दाबून काढायचं. कोरडा फोम बसवला तर बारीक धूळ थेट आत जाते. फिन्समध्येही धूळ होती, पण टॅपेट कव्हर पाझरायचं थांबल्यामुळे ती नुसत्या ब्रशने निघाली.

१५ मे

फरक १२१. टॅपेटने तापमान जवळजवळ उतरलं नाही, एक अंश हा काही बदल नाही. तरी हे काम वगळू नये. मीटरवर दिसत नसलं तरी ०.०४ वर राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुढे कॉम्प्रेशन घालवतो आणि मग हेड उतरवावं लागतं. किकला आता जोर जास्त लागतो, हे चांगलं लक्षण.

१८ मे: ऑइल

ऑइल मुद्दाम शेवटी ठेवलं. पहिल्या दिवशी बदललं असतं तर सगळं श्रेय त्यालाच गेलं असतं.

जुनं ऑइल गरम असताना काढलं: १.३ लिटर निघालं. या इंजिनला ड्रेन केल्यावर १.१ लागतं. दोनशे मिली जास्त! जास्त ऑइलने इंजिन थंड राहील असं वाटतं, पण क्रँक त्यात घुसळते, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल ना उष्णता नेतं ना वंगण देतं. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइलचे डाग होते, त्याचा उलगडा इथे झाला. मोजून १.१ घातलं. ऑइल मोजायची दांडी पाहताना गाडी मेन स्टँडवर सरळ, बंद करून पाच मिनिटांनी.

ग्रेड मॅन्युअलचीच, २०डब्ल्यू-५०, जासो एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीची खूण) लिहिलेलं. कारचं ऑइल अजिबात नको, त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं ओल्या क्लचच्या प्लेट घसरवतात. ऑइल गाळणारी जाळी साफ केली, तिच्यात क्लच लायनिंगची काळी भुकटी होती, एप्रिलपर्यंतच्या घसरण्याची. ५२० रुपये. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि इंजिनचे तास जास्त होतात, त्यामुळे पुढचा बदल २,५०० किमीला.

२० मे

मतदानाची सुटी. एलबीएस रिकामा, मुलुंड ३१ मिनिटांत. फरक ९८. हा आकडा वहीत आहे, निकालात नाही. एखाद्या दुरुस्तीनंतर अशाच दिवशी टेस्ट झाली तर भलताच समज होईल, म्हणून लिहून ठेवला.

२२ मे

नेहमीच्या गर्दीत फरक ११९, ड्रेन बोल्ट १०१.

२६ मे, रविवार: पंखा, फसलेला प्रयोग

सिग्नलला उभं असतानाची उष्णता राहिलीच होती. १२ व्होल्टचा ८० एमएमचा कॉम्प्युटरचा पंखा लेग गार्डला पत्र्याच्या पट्टीने हेडसमोर बांधला. पंखा ३५०, रिले, फ्यूज आणि वायर १२०. उभ्या गाडीत, पाच मिनिटं आयडलिंगला, पंख्याशिवायपेक्षा ९ अंश कमी. आशा वाटली.

चालत्या गाडीत तोच पंखा हवेच्या वाटेत अडथळा झाला आणि फरक १२४ वर गेला. चौथ्या दिवशी खड्ड्यांच्या हादऱ्यांनी बेअरिंग खडखडायला लागलं आणि हेडच्या बाजूची एक पाती गरमीने वाकून चौकटीला घासू लागली. ३० मेला काढून टाकला. ४७० रुपये आणि एक रविवार वाया. कुणाला करायचंच असेल तर रेडिएटर असलेल्या गाडीचा, उष्णता आणि पाणी सोसणारा पंखा लागेल, आणि तो या इंजिनसमोर मावत नाही.

३१ मे: मोहम्मद अली रोड

जे. जे. फ्लायओव्हर दुचाकींना बंद आहे, त्यामुळे भायखळ्याहून सीएसएमटीला खालूनच जावं लागतं. वारा नाही, वर काँक्रीट, शेजारी बस. हवाच आपल्या थर्मामीटरवर ३९. फरक १३१, एलबीएसपेक्षा १२ ने जास्त. हे पाना-स्क्रूने उतरणारं नाही. तिथे दोनच गोष्टींनी फरक पडला: ४० सेकंदांपेक्षा मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करणं, आणि क्लच अर्धवट दाबून इंचाइंचाने सरकण्याऐवजी पुढे जागा झाली की पहिल्यात पूर्ण सोडून जाणं. असं करून परत येताना १२३.

२ जून, रविवार

तीन टेस्टचे आकडे: ११८, १२०, ११९. म्हणजे ३५ अंशाच्या हवेत प्लगखाली साधारण १५४. एप्रिलमध्ये तिथेच १८८ होते.

खर्च: गाडीत राहिलेलं सामान आणि ऑइल १,३७० रुपये, डिझेल वेगळं. मोजायची आणि हत्यारं २,४६०, ती पुढच्या गाडीलाही चालतील. जेट आणि पंखा मिळून ५४० वाया. वेळ सात रविवार, त्यातला एक चुकीत.

कुणाला हेच करायचं असेल तर क्रम असा ठेवावा: रेक्झिन पट्टी आणि फिन्स, मग चाकं मोकळी फिरतात का आणि क्लचचा प्ले, मग इनटेक रबर काढून वाकवून बघणं. एवढ्यातच ३२ अंश गेले. टॅपेट आणि ऑइलची पातळी त्यानंतर, पण नक्की. जेटला हात लावू नये.

९ जून

मान्सून आज मुंबईत दाखल झाला. थर्मोकपलचा लग काढून प्लगचा मूळ वॉशर परत घातला, वायर गुंडाळून ठेवली.

रेक्झिन पट्टी पावसासाठी पुन्हा लागणारच. या वेळी हेड आणि सिलिंडरच्या उंचीला १२ सेंटिमीटर रुंद आणि १८ उंच खिडकी कापली, कडा दुमडून शिवून घेतल्या, पायासमोरचा भाग तसाच ठेवला. चिखल थोडा फिन्सवर येईल, तो दर पंधरा दिवसांनी धुवायचा.

टॅपेट कव्हर कोरडं आहे. एक्झॉस्ट टॅपेट पुन्हा ६४,००० किमीला, सकाळी, थंड इंजिनवर.